सातवी बरगडी

मित्रांनो, मी एक जुनं लढाऊ विमान आहे. वजनाने हलका, पण पहारा, टेहळणी, हल्ला, सगळं माझ्याच गळ्यात. अशा विमानाला बहुउद्देशीय म्हणतात. घरात जो कशालाच नाही म्हणत नाही, त्यालाही असंच काहीतरी गोड नाव मिळतं.

दोन देशांनी मिळून मला घडवलं. माझ्या पोटात सतरा बरगड्या आहेत, म्हणजे पत्र्याला आतून आधार देणारी धातूची कडी. आमच्या इंजिनिअरांनी त्या नाकाकडून मोजल्या, त्यांच्या इंजिनिअरांनी शेपटीकडून. तीन दिवस वाद झाला. कोणीच हटेना, तेव्हा दोघेही आपापल्या पद्धतीने मोजत राहिले.

सुरुवातीला माझं काय कौतुक व्हायचं! माझ्याजवळ उभं राहून फोटो काढायला रांग लागे. पुढे नवी विमानं आली आणि "अजून उडतंय का हे?" एवढंच कानावर पडू लागलं. बावीस वर्षांत हाडं खिळखिळी झाली. खोटं कशाला बोलू, मी फार थकलो होतो.

अशात त्या दुसऱ्या देशातून पत्र आलं. त्यांच्या एका विमानाच्या सातव्या बरगडीला तडा गेला होता, तुमचीही तपासा म्हणून. आमच्या लोकांनी तपासली. ती ठणठणीत निघाली. दुपारी दोनला मला उडायचं होतं आणि वैमानिक मॅडम हेल्मेट घेऊन आल्याही होत्या. राहिली होती फक्त चष्मेवाल्या काकांची सही. हे मेकॅनिक काका मी कारखान्यात जोडला जात होतो तेव्हापासून माझ्यासोबत होते.

"काका, करा ना सही," साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले.

"पत्र त्यांचं की आपलं?"

"त्यांचं. भाषांतर तेवढं आपलं."

काकांनी पेन खिशात ठेवलं. "मग त्यांची सातवी म्हणजे आपली अकरावी, साहेब. ते शेपटीकडून मोजतात."

"असं पत्रात कुठे लिहिलंय?"

"ते कशाला लिहितील? त्यांना वाटतं, सगळं जग शेपटीकडूनच मोजतं."

साहेब चिडले, पण झाकण उघडलं गेलं. अकराव्या बरगडीत केसाएवढा तडा होता. तो मला कितीतरी दिवस ठणकत होता, पण मला सांगता येत नव्हतं. मॅडमनी हेल्मेट खाली ठेवलं.

"काका, हे हवेत तुटलं असतं."

"म्हणून तर मोजलं, पोरी," काका म्हणाले. मॅडमना पोरी म्हटल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नाही.

त्यानंतर मी उडालो नाही. आता एका बागेच्या फाटकाशी उभा आहे. चिमण्यांनी माझ्या नळकांड्यात घरटं केलंय, त्याचा मला राग नाही. पण मित्रांनो, माझ्या पत्र्यावर खिळ्याने नावं कोरू नका. आणि कुणी सातवं म्हणालं, तर कुठून मोजायचं ते विचारायला लाजू नका.

कधीकधी मॅडम त्यांच्या मुलीला घेऊन येतात. ती शेपटीपासून रिव्हेटच्या, म्हणजे प्रत्येक बरगडीवर बाहेरून ठोकलेल्या खिळ्यांच्या, ओळी मोजत निघते, सातव्या ओळीवर तळहात ठेवते आणि विचारते, "आई, अजून दुखत असेल का गं याला?"

दुखतं, बाळा. पण तुझी आई घरी आली ना.