आभाळाचा रकाना

लेक झोपली की माझं ऑफिस सुरू होतं. दुपारी एक ते अडीच. त्यातली दहा मिनिटं ती खरंच झोपलीय की नुसते डोळे मिटून माझी परीक्षा घेतेय, हे बघण्यात जातात.

काम इमारतींचं. बांधण्याआधी इमारत कॉम्प्युटरमध्ये उभी करायची, तिला वर्षभराचं हवामान द्यायचं आणि रात्री तिची ऊब कुठून निसटते ते बघायचं. भिंतीतून किती, काचेतून किती, छतातून किती. सासूबाई शेजारणीला सांगतात, "आमची सून घरांचा ताप मोजते." अगदीच चूक नाही ते.

त्या दिवशी मात्र मलाच कणकण होती. लेकीच्या दाढा येत होत्या. आठवडाभर आम्ही दोघी तुकड्यातुकड्यांनी झोपत होतो. आणि चार वाजता मीटिंग. वृद्धाश्रमाच्या दुसऱ्या इमारतीचं छत तिच्यात ठरायचं होतं. पहिली इमारत यंदाच उभी राहिली, माझ्या गणितावर. छतातून फारसं काही जात नाही, त्यावर इन्सुलेशन नको, खिडक्यांना दुहेरी काचा लावा, असं मी लिहून दिलं होतं. दुसरी हुबेहूब तशीच करायची, एवढाच काय तो विषय.

लेकीचा डोळा लागतो न लागतो तोच फोन आला. वृद्धाश्रम सांभाळणाऱ्या मावशी.

"ताई, वरच्या मजल्यावरच्या आज्या पहाटे कुडकुडतात हो. रात्रभर हीटर चालू असतो तरी."

"आमच्या ऑफिसच्या साहेबांनी माणूस पाठवला होता ना?" मी कुजबुजले.

"आला होता की. भर दुपारी! म्हणाला, छान ऊब आहे. म्हटलं, बाबा, पहाटे ये. तर म्हणे ती ड्यूटीची वेळ नाही."

साहेबांचं म्हणणं, म्हाताऱ्या माणसांना थंडी वाजायचीच. खरं सांगायचं तर मलाही ते सोयीचं वाटत होतं. माझ्या हिशेबानं त्या खोल्यांत पहाटे पाचला अठरा अंश असायला हवे होते.

"आमच्या हेडबाईंनी वही ठेवलीय," मावशी म्हणाल्या. "शाळेत मुख्याध्यापिका होत्या. झोप येत नाही, मग पाचला उठून थर्मामीटर बघतात. फोटो पाठवते. बघाच हं, नाहीतर मला अंगठे धरून उभं करतील."

फोटो आला. आखीव समास, पट्टीनं मारलेल्या रेघा. चार रकाने: तारीख, खोली, बाहेर, आभाळ. खोली चौदा, आभाळ निरभ्र. खोली तेरा, निरभ्र. खोली साडेसतरा, ढगाळ. परत चौदा, निरभ्र. अशा एकवीस पहाटा.

पहिल्यांदा मला रागच आला. थर्मामीटर खिडकीत टांगला असेल, झालं. मग ती ढगाळ पहाट परत वाचली. बाहेरची थंडी बाकीच्या पहाटांइतकीच. खोली मात्र साडेतीन अंशांनी उबदार.

यात मला नवीन काही नव्हतं. निरभ्र रात्री छत उघड्या आभाळाकडे तोंड करून पडलेलं असतं, आणि ते आभाळ हवेपेक्षा कितीतरी गार. ऊब सरळ वर निघून जाते. ढग आले की तेच पांघरूण. सासूबाई लेकीचे लंगोट संध्याकाळी पत्र्याखाली ओढतात, उघड्यावरचे सकाळी दवानं ओले होतात म्हणून. जे सासूबाईंना कळतं ते माझ्या कॉम्प्युटरला कळू नये?

हवामानाची फाइल उघडली. वर्षाच्या प्रत्येक तासाला एक ओळ. आभाळाच्या रकान्यात, पूर्ण झाकलेलं असेल तर दहा. मी खाली जात राहिले. दहा. दहा. दहा. अख्ख्या वर्षात माझ्या इमारतीवर एकही चांदणी उगवली नव्हती.

मग आठवलं. नववा महिना, सुजलेले पाय. हवामान केंद्राकडून सगळं आलं होतं, ढगांच्या नोंदी तेवढ्या नव्हत्या. रकाना रिकामा ठेवला की प्रोग्राम अडायचा. म्हणून तूर्तास दहा भरले, खऱ्या नोंदी मागाहून टाकू म्हणून. त्याच आठवड्यात मी दवाखान्यात, मग रजेवर. आणि तूर्तासची फाइल सगळ्यांची फाइल होऊन बसली.

रजेवरून आले तेव्हा साहेब हसत म्हणाले होते, "आता आकड्यांत लक्ष राहील ना?" मी तोऱ्यात म्हटलं होतं, "माझं गणित चुकलेलं दाखवा, मग बोला." आता दाखवायची पाळी माझ्यावरच.

हेडबाईंच्या एकवीस पहाटा फाइलीत भरल्या. प्रोग्राम चालत होता, लेक चुळबुळत होती. एका हातानं तिला थोपटत राहिले. उत्तर आलं: निरभ्र पहाटे पाचला चौदा. सगळ्यात जास्त ऊब छतातून.

साहेबांना फोन लावला.

"साहेब, वृद्धाश्रमाच्या छताचं गणित चुकलंय."

"कुणी चुकवलं?"

"मी." आणि सगळं सांगितलं.

साहेबांनी लगेच तोडगा काढला. "असं करू. हवामान केंद्रानं नोंदी दिल्या नाहीत, असं लिहू. खोटं तर नाही ना?"

खोटं नव्हतं. मला झोप येत होती आणि ते वाक्य उशीसारखं मऊ होतं.

"नोंदी नव्हत्या हे खरं. पण दहा मी भरले."

"अगं, मग पहिल्या इमारतीचं छतही आपल्याच अंगावर येणार."

"येऊ दे. त्याच्याखाली माणसं झोपतात, साहेब."

"मग मीटिंगमध्ये तूच सांग," ते म्हणाले. "मला जमायचं नाही."

मावशींना सांगितलं, छतावर इन्सुलेशन पडेपर्यंत वरच्या आज्यांना खाली हलवा, आजच. तेवढ्यात हेडबाईंनी फोन घेतला.

"तू ती गणितवाली?"

"हो बाई. तुमची वही बरोबर होती. माझं चुकलं."

"कुठे?"

"आभाळाचा रकाना रिकामा होता. अंदाजानं भरला."

"अंदाजानं! अगं, येत नसेल तर जागा कोरी सोडावी. चौथीतल्या पोरांना कळतं."

तेवढ्यात लेक किंचाळून उठली.

"कोण रडतंय ते?"

"मुलगी. दाढा येतायत."

"म्हणजे तूही झोपली नसशील." आवाज खाली आला. "मी पाचला जागीच असते. वही चालू ठेवू का?"

"ठेवा बाई. वर्षभराची लागेल."

"वर्षभराची," त्या म्हणाल्या, आणि मावशींना पेन शोधायला सांगितलं.

चार वाजता स्क्रीनवर सगळे जमले. सासूबाई बाहेरून परतल्या नव्हत्या, म्हणून लेक मांडीवर, मूठ तोंडात कोंबून. साहेब म्हणाले, "हं, छताबद्दल ही सांगेल." मी तिची लाळ पुसली आणि सुरुवात केली. पहिल्या इमारतीच्या छतापासून.