मलपृष्ठाच्या आतला क्रमांक सात

दिनांक १२ जानेवारी २०२३, वेळ सकाळी दहा वाजून वीस मिनिटे, संख्या सात. त्या क्षणी छपाईयंत्रातून एक पांढराशुभ्र कागद बाहेर सरकला आणि त्यावर आम्ही सात भावंडे एकदमच जन्माला आलो. त्यांतले शेंडेफळ मी.

मित्रांनो, मी एक जुना क्यूआर कोड आहे. जुना म्हटल्यावर हसू नका. आमच्या कुळात बहुतेक जण सहा महिन्यांत फाटतात, भिजतात किंवा नव्या जाहिरातीखाली गाडले जातात. मला तर तीन वर्षे उलटून गेली आहेत, म्हणून मी स्वतःला वयोवृद्ध म्हणवून घेतो.

आम्हां सात जणांचे रूप सारखेच वाटे. काळेपांढरे ठिपके, तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन, सभोवती पांढरी कड आणि खाली एक ओळ : ‘हे काम कसे होते, ते पाहा.’ मात्र प्रत्येकाच्या ठिपक्यांत दडलेला पत्ता निराळा होता. सातही पत्ते अखेरीस एकाच ठिकाणी, एका पुस्तकबांधणीच्या दुकानाने समाजमाध्यमावर उघडलेल्या पानावर, पोहोचत. पण कोणत्या क्रमांकाच्या वाटेने किती माणसे आली आणि कोणत्या दिवशी, किती वाजता आली, याची नोंद वाटेतच होई. आम्ही माग ठेवणारे कोड होतो.

हे दुकान एका बाइंडरकाकांचे होते. चाळीस वर्षे त्यांनी फाटकी पुस्तके शिवली होती. दुकानाच्या मधोमध मोठ्या चाकाचे, हाताने चालवायचे लोखंडी कटिंग मशीन होते. त्या मशीनवर काकांचा हात असा बसलेला होता, की पाचशे पाने कापली तरी कडेला केसाएवढाही उंचवटा राहू नये. परंतु अलीकडे गिऱ्हाईक आटले होते. जुन्या यंत्रांचा एक व्यापारी येऊन मशीन पाहून गेला होता.

काकांच्या मुलीने मशीनच्या चाकावर हात ठेवला आणि म्हणाली, “बाबा, मला नव्वद दिवस द्या.”

“नव्वद दिवसांत काय होणार?”

“पानावरून मागण्या येतील. तुम्ही काम करता तेव्हा मी चित्रफिती काढीन. तुम्ही फक्त मिशीला कंगवा फिरवत जा.”

“आणि नाही आल्या मागण्या तर?”

“शंभर नवीन मागण्या आल्या नाहीत, तर मशीन व्यापाऱ्याला द्या. मी चकार शब्द काढणार नाही.”

“तू? चकार शब्द काढणार नाहीस?” काका हसले. “हे तर बघायलाच हवं. चल, दिले नव्वद दिवस.”

पहिल्या सहा जणांच्या जागा ठरल्या : दुकानाचे दार, बसथांबा, झेरॉक्सचे दुकान, वह्यापेन्सिलींचे दुकान, दवाखान्याची प्रतीक्षाखोली आणि गल्लीच्या तोंडाचा फलक. मी राखीव होतो. मुलीने आम्हां सातही जणांवर फोन धरून पाहिला. सातही जण तत्काळ बोललो. मग सर्वांना सुटे करून टेबलावर ठेवून ती चित्रफितींच्या मागे लागली. तपासलेली वस्तू पुन्हा कशाला तपासायची, असे तिला वाटले. तिची चूक झाली ती इथे.

काकांची चूक त्याहून मजेदार होती. त्या दुपारी ते एका जाडजूड ग्रंथाची बांधणी पुरी करत होते. तो तांत्रिक महाविद्यालयाच्या वाचनालयातला होता आणि त्यात यंत्रांच्या मोजमापांची कोष्टके होती. शिवण झाली, कणा बसला, अस्तराचा पांढरा कागद चिकटला. यानंतर काकांची एक जुनी रीत होती. बांधलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या मलपृष्ठाच्या आत, खालच्या डाव्या कोपऱ्यात, ते आपल्या दुकानाचे बोटभर लेबल लावत. त्या दिवशी काका मुलीशी बोलत होते आणि हात आपला आपला चालला होता. हाताला टेबलावर बोटभर कागद लागला. हाताने त्याला खळ लावली, कोपऱ्यात दाबला आणि वर वजन ठेवले.

तो कागद म्हणजे मी. दुसऱ्या दिवशी ग्रंथाबरोबर मी वाचनालयात गेलो आणि दुकानात कोणाला पत्ताही लागला नाही.

मागे राहिलेल्या सहा भावंडांकडे काकांनी मोठ्या मायेने पाहिले. त्यांची पांढरी कड कुठे कमी, कुठे जास्त होती. अशी ओबडधोबड कड चाळीस वर्षांत त्यांनी कधी दुकानाबाहेर जाऊ दिली नव्हती. त्यांनी मशीनचे चाक फिरवले, प्रत्येकाची कड ठिपक्यांपर्यंत नेटकी कापून टाकली, खालच्या ओळीची पट्टी वेगळी कापली आणि काळे कापड चढवलेल्या पुठ्ठ्यांवर सहाही जणांना आपापल्या ओळीसह बसवले. काम देखणे झाले होते. मुलगीसुद्धा म्हणाली, “बाबा, दागिना केलात अगदी!”

मित्रांनो, आम्हां कोडांना सभोवती मोकळी पांढरी जागा लागते. आम्ही कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे फोनला तिच्यावरूनच कळते. काळ्या कापडावर चिकटलेली माझी भावंडे त्या कापडातच विरघळून गेली. लोक फोन धरत, क्षणभर थांबत आणि पुढे जात.

माझे मात्र सुगीचे दिवस सुरू झाले होते. पूर्वी तो ग्रंथ उघडला की फटकन मिटे. विद्यार्थी त्यावर डबा ठेवून कोष्टके उतरवत. आता तो टेबलावर सपाट उघडा राही. “हे कोणी केलं रे?” असे म्हणत कोणीतरी मागचे पान उलटी आणि तिथे मी भेटे. ‘हे काम कसे होते, ते पाहा.’ बसथांब्यावर त्या ओळीला काही अर्थ नव्हता. हातात ते कामच असलेल्या वाचकाला ती थेट भिडे. दर दिवशी दोघे-चौघे माझ्यावर फोन धरू लागले.

तेविसाव्या दिवशी, ३ फेब्रुवारीला, मुलीने नोंदींचा तक्ता कागदावर उतरवला. क्रमांक एक ते सहा : शून्य. क्रमांक सात : एकेचाळीस. मागण्या अवघ्या दोन.

“बाबा, सातवा कुठंय?”

“मला काय ठाऊक? सहा लाव म्हणालीस, सहा लावले.”

खण उलटेपालटे झाले, टेबलाखाली झाडू फिरला. मी सापडलो नाही. अखेर काका चष्मा पुसत म्हणाले, “तो कधी बोलतो ते तरी सांग. वेळा वाच.”

मुलगी वाचू लागली. सकाळी दहाच्या आधी कोणी नाही. सायंकाळी पाचनंतर कोणी नाही. रविवारी कोणी नाही. दुपारी एक ते दीड कोणी नाही.

“एक ते दीड म्हणजे जेवणाची सुट्टी,” काका म्हणाले. “दहाला उघडतं, पाचला बंद होतं. कचेरी तरी आहे किंवा…” त्यांनी कामांची वही ओढली. सातव्याची पहिली नोंद १३ जानेवारीची होती आणि त्या दिवशी दुकानातून एकच पुस्तक, वाचनालयाचा तो ग्रंथ, बाहेर पडले होते. काकांची नजर वहीवरून आपल्याच उजव्या हातावर आली आणि तिथेच थांबली.

“अरे देवा. डावा कोपरा!”

अर्ध्या तासात बापलेक वाचनालयात हजर झाले. ग्रंथपालबाईंनी ग्रंथ काढून दिला. मुलीने मागचे पान उलटले आणि मला पाहून असा आनंदाचा चीत्कार केला, की सारे वाचनालय वळून पाहू लागले.

“शांतता!” बाई म्हणाल्या, मग त्यांनी मला पाहिले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. “काका, वाचनालयाच्या ग्रंथात जाहिरात? हे नियमात बसत नाही. काढावं लागेल.”

माझे ठिपके गारठले. जो एकटा बोलत होता, त्याचीच जीभ आता ओली करून, खरवडून काढली जाणार होती.

काका हळू आवाजात म्हणाले, “बाई, चाळीस वर्षं तुमची पुस्तकं मी बांधतोय. त्या कपाटातलं कुठलंही काढा आणि मागचा डावा कोपरा बघा.”

बाईंनी एक पुस्तक काढले, मग दुसरे, मग आणखी दोन. चारही पुस्तकांच्या त्याच कोपऱ्यात काकांचे बोटभर लेबल होते. एक पिवळे पडलेले, एक पुसटलेले.

“म्हणजे हे लेबलच म्हणायचं,” बाई म्हणाल्या.

“लेबलच. पूर्वी गप्प बसायचं, आता बोलतं.”

बाईंची आठी गेली. त्या म्हणाल्या, “मग असू दे. आणि आलाच आहात, तर ही बावीस फाटकी पुस्तकंही घेऊन जा.”

मुलीचा चेहरा उजळला. काकांनी मात्र मान हलवली. “नेतो. पण ही मोजायची नाहीत हं, पोरी. पानावरून आलेली नाहीत.”

“बाबा!”

बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले, पर्समधून फोन काढला, माझ्यावर धरला आणि पानावर निरोप लिहिला : ‘बावीस पुस्तके बांधायची आहेत.’ मग फोन काकांपुढे नाचवला. “आता?”

“आता मोजू,” काका म्हणाले. “पण मागणी एकच धरायची.”

त्या टेबलाशीच मुलीला भावंडांच्या मौनाचा उलगडा झाला. माझ्याभोवती अस्तराचा पांढरा कागद होता. तिने दुकानात परतताच पहिल्या क्रमांकाभोवती कोऱ्या कागदाच्या चार पट्ट्या ठेवल्या आणि फोन धरला. तो बोलला!

“म्हणजे मी…” काका मशीनकडे पाहत राहिले. “चाळीस वर्षांत एक काप चुकला नाही माझा.”

“काप नाही हो चुकला. जरा जास्तच बरोबर आला.”

दोघेही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. सहाही जणांचा नवा जन्म झाला. या वेळी काकांनी पट्टीने मोजून चारही बाजूंना अंगठाभर पांढरी कड सोडली, प्रत्येकावर स्वतः फोन धरला आणि मगच ते बाहेर लावले. खालची ओळही त्यांनी जागेप्रमाणे बदलायला लावली. दर सोमवारी तक्ता भरला जाई. दवाखान्यातला क्रमांक पाच थंड निघाला, तेव्हा त्याला महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर हलवले. अंदाजाने काहीच करायचे नाही, तक्ता सांगेल ते करायचे, असे काकाच आता मुलीला बजावू लागले.

मार्च उजाडला. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प अहवाल पक्क्या बांधणीत द्यायचे होते. ज्यांनी माझ्या वाटेने काकांचे हात चालताना पाहिले होते, त्यांना दुसरे दुकान शोधण्याची गरजच पडली नाही. “काका, चार प्रती!” “काका, कण्यावर नाव सोनेरी हवं!” पानावर निरोपांची रीघ लागली. मशीनचे चाक सकाळपासून फिरू लागले. काका मिशीला कंगवाही फिरवू लागले.

नव्वदाव्या दिवशी ठरल्याप्रमाणे व्यापारी टेंपो घेऊन आला. दारात विद्यार्थी, आत अहवालांचे ढीग आणि मशीनसमोर घामाघूम काका, असे दृश्य पाहून तो उंबऱ्यातच थबकला. “मग मी नेऊ काय?”

“चहा प्या, आणि जाताना हे दोन गठ्ठे महाविद्यालयात उतरवा,” मुलगी म्हणाली. “टेंपो रिकामा कशाला न्यायचा?”

आणि त्याने खरोखरच ते गठ्ठे पोहोचवले.

मित्रांनो, आज माझ्या ठिपक्यांवर बोटांचा मळ चढला आहे, एक कोपरा किंचित उचलला गेला आहे, तरी मी बोलतो. माझे तुमच्याकडे एवढेच मागणे आहे : आमच्यापैकी कोणी तुमच्या हाती आला, तर त्याला नेटके करण्याच्या नादात त्याची कड कापू नका. भोवती अंगठाभर मोकळी जागा राहू द्या, आणि भिंतीवर लावल्यानंतर त्याला एकदा बोलते करून पाहा. मग तो किती माणसे आणतो, ते तोच मोजून सांगेल.

दिनांक ११ एप्रिल २०२३, सायंकाळी सहा वाजता काकांनी कामांची वही मिटण्यापूर्वी लिहिलेली ओळ : ठरलेल्या मागण्या शंभर, आलेल्या मागण्या एकशे त्रेसष्ट.