दुसरी शेगडी

"ताई, ती शेगडी बंद करा आधी. मग बोलते."

कुसुम दारातच उभी होती. गच्चीवरच्या त्या खोलीत ती कधी आत येत नसे. उंबऱ्याबाहेर थांबून, पदर नाकाशी धरून बोलण्याची तिची पद्धत होती. वंदनाने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले. लसूण तेलात पडून पन्नास सेकंद झाले होते. त्याला अजून वीस हवे होते.

"वीस सेकंद थांब."

"वीस सेकंद! पाव्हणे साडेबाराला येऊन राहिलेत शाहपूरवरून, अन् ह्या घड्याळ लावून लसूण तळतात."

वंदनाचे डोळे कढईवरच होते. लसणाच्या चकत्यांच्या कडा सोनेरी झाल्या, तशी तिने चिरलेल्या देशी टोमॅटोची वाटी कढईत उपडी केली. चर्र आवाज झाला, वाफ उठली, आणि पाहता पाहता त्या वासातला तिखटपणा जाऊन आंबटगोडपणा आला. गेल्या तीन महिन्यांत हा क्षण तिने एकदाही चुकवला नव्हता. आच बारीक करून, झाकण ठेवून ती वळली.

"बोल."

"ही शेगडी आज इथं दिसता कामा नये. सिलेंडर पण. आपल्या मोनालीला पाहायला येणाऱ्यांत मुलाची आजी आहे, सरुबाई. ती म्हातारी पोरगी नाही पाहत, घर पाहते. गच्चीपर्यंत चढते. बहादरपूरचं स्थळ तिनं का मोडलं, ठाऊक आहे ना? घरात दोन चुली दिसल्या म्हणून. ज्या घरात चुली वेगळ्या, त्या घरातली पोरगी आमचं घर फोडेल, असं तोंडावर बोलली."

"मग सांग तिला, वर एक म्हातारी नणंद आहे, तिला इटलीचं खायचा नाद लागलाय."

"हसू नका! तुम्हाला काय जातं हसायला?"

वंदना हसली नव्हती. तिला हसायची सवयच नव्हती. खंडव्याला आयटीआयमध्ये नकाशाकाम शिकून ती पाटबंधारे खात्यात लागली, आणि अडतीस वर्षे कालव्यांचे, मोऱ्यांचे, बंधाऱ्यांचे नकाशे काढून बासष्टाव्या वर्षी घरी आली. लग्न झाले नाही. का झाले नाही हे विचारणारे लोक एकेक करून मरून गेले. वडिलांच्या या घरात, शनवारा मोहल्ल्यात, ती धाकट्या भावाच्या, अनंतच्या संसारात राहिली. सकाळी डबा मिळे, रात्री ताट मिळे. ताटात काय असावे, हे ठरवण्याचा प्रसंग तिच्या आयुष्यात आलाच नाही. आधी स्वयंपाकघर आईचे होते, मग कुसुमचे झाले. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच सोमवारी ती चहा करायला खाली गेली, तर कुसुमने पातेले तिच्या हातातून काढून घेतले. "तुम्ही बसा ताई," ती म्हणाली होती. मुक्काम लांबलेल्या पाहुण्याला म्हणावे तसे.

अशीच बसलेली असताना एका दुपारी तिने मोबाइलवर ती बाई पाहिली. कुठल्याशा इटालियन गावातली, तिच्याच वयाची, काळ्या कपड्यांतली. दारात पाट मांडून ती कणकेच्या बारीक गोळ्या अंगठ्याने पुढे ओढत होती. भाषा कळत नव्हती, म्हणून वंदनाने आवाज बंद केला आणि फक्त हात पाहिले. गोळी ओढली जाई, वाकडी होई, अंगठ्याच्या टोकावरून उलटून छोट्या वाटीसारखी पाटावर पडे.

"नखुल्या," वंदना मोठ्याने म्हणाली. खोलीत कोणी नव्हते.

लग्नाच्या खिरीसाठी बायका करतात, त्याच नखुल्या. फक्त त्या बाईने त्या दुधात न टाकता मिठाच्या पाण्यात टाकल्या. पुतण्याच्या, पंकजच्या लग्नात वंदना गव्हले-नखुल्या करायला बायकांत बसली होती. तिची एक ओळ झाली होती, सगळ्या एका मापाच्या. तेव्हा कुसुमने तिच्या पुढ्यातला कणकेचा गोळा उचलला. "ताई, हे सवाष्णींचं काम आहे." सगळ्या बायकांनी ऐकले. कोणी मान वर केली नाही.

गेल्या दिवाळीनंतर वंदनाने एका बर्नरची शेगडी आणि छोटा सिलेंडर आणला. माळव्यातला कडक दाण्याचा कठिया गहू आणून चक्कीवर रवाळ दळून घेतला, दोनदा चाळला. शंभर ग्रॅम रव्याला पन्नास ग्रॅम कोमट पाणी. मळायचे बारा मिनिटे. आठव्या मिनिटाला हात सोडून द्यावासा वाटतो आणि दहाव्याला कणीक एकाएकी रेशमासारखी होते. ऑलिव्हचे तेल महाग आणि जुनाट वासाचे निघाले, म्हणून शेंगदाण्याचे. वरून चीज नाही. त्या बाईनेही घातले नव्हते. तिने शिळ्या पावाचा चुरा तेलात परतून घातला होता. वंदनाने खालून वरणाबरोबर आलेली, उरलेली बट्टी कुस्करून परतली. पहिला घास तोंडात गेला, तेव्हा नखुलीच्या वाटीत अडकलेला टोमॅटो आधी लागला आणि मग कुरकुरीत बट्टी. पासष्टाव्या वर्षी तिला कळले, की आपल्याला काय आवडते.

"माझ्या बट्ट्यांचा चुरा करता, मला कळत नाही का?" कुसुम दारातून बोलत होती. "माझं जेवण गिळवत नाही, म्हणून वेगळं रांधता. गल्लीत विचारतात मला, नणंदेला उपाशी ठेवता का म्हणून."

"मग मी खालीच करते. तुझ्या गॅसवर."

"अजिबात नाही!" हे शब्द इतक्या जोरात आले, की गच्चीच्या कठड्यावरचा पारवा उडाला. "त्या गॅसची बटणं हातात यायला मला सतरा वर्षं लागली, ताई. तुमची आई मरेपर्यंत मी मिठाची बरणीसुद्धा विचारून उघडली. तुम्ही तेव्हा वर बसून नकाशे काढत होत्या. एक दिवस म्हटलं नाही तुम्ही, की आई, तिला करू दे. आता आयतं पाहिजे?"

हे खरे होते. वंदनाला ते मान्य करायचे नव्हते, म्हणून तिने झाकण उघडून टोमॅटो हलवला.

कुसुम पाय आपटत उतरली, आणि तिच्या जागी मोनाली वर आली. पैठणी अर्धी नेसलेली, केसांना क्लिपा.

"आत्या, यार, प्लीज ना. एक दिवसाचा सवाल आहे. पलंगाखाली सरकवून टाक ना. मतलब, तू काय जिंकून राहिली यात?"

"तुला मुलगा पसंत आहे?"

"हो ना! मग काय!"

"एकदा तरी विचारलंस, आत्या, काय करतेस, चव दे?"

मोनालीने कढईकडे पाहिले आणि नाक मुरडले. "आत्या, इंदूरला मी असला पास्ता वीसदा खाल्ला. त्यात क्रीम असतं. हे तर टमाट्याची चटणी आहे." मग आपण काय बोललो हे तिच्या लक्षात आले असावे, कारण ती नजर चुकवून, क्लिप सावरत खाली गेली.

सव्वाबारा वाजले. पाटावरच्या फडक्यावर नखुल्या वाळत होत्या, ओळीने. तेव्हा अनंत आला. तो दारात थांबला नाही. सरळ आत येऊन पलंगावर बसला. सुताच्या व्यापाराने त्याला एक सवय लावली होती, बोलणी नेहमी पलीकडच्याच्या जागेवर जाऊन करायची. त्याच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती.

"ताई, भांडायचं नाही. तुला शेगडी पाहिजे ना? ठेव. मी कुसुमला समजावतो. म्हातारीला सांगू, ताईला पथ्य आहे, डॉक्टरनं वेगळं करायला लावलंय. फक्त हे एक करून टाक."

पिशवीतून कागद निघाला. वंदनाने चष्मा लावला आणि एखादे रेखाटन तपासावे तसा तो कागद वरच्या डाव्या कोपऱ्यापासून वाचला. वडिलांच्या घरातला आपला हिस्सा ती भावाच्या नावे सोडून देत होती. स्वखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय.

"वेगळी चूल म्हणजे वेगळा हिस्सा, लोक हेच म्हणतात," अनंत म्हणाला. "उद्या कोणी तुझे कान भरले तर? माझ्या मनात काही नाही. पण लिखापढी साफ असलेली बरी."

"अनंत, मी शेगडी अकरा नोव्हेंबरला आणली. माझ्याकडं पावती आहे. या स्टॅम्पवर तेरा तारीख आहे."

अनंतने मान खाली घातली.

"म्हणजे मी वर पहिल्यांदा पाणी उकळलं, त्याच्या तिसऱ्या दिवशी तू हा कागद काढलास. तीन महिने तिजोरीत ठेवलास. आणि आज आणलास, पोरीच्या कार्याच्या दिवशी, कारण आज मी नाही म्हणणार नाही, असा हिशेब."

"नको ते बोलतेस! वडील गेल्यावर तुला कोणी सांभाळलं?"

"मी वाईट वागले तुझ्याशी?"

"कोण म्हणतं?"

"मग हिस्सा मागेन, असं तुला का वाटलं?"

त्या घडीपर्यंत हिश्श्याचा विचार तिच्या मनाला शिवला नव्हता. तो आत्ता, भावाच्या खाली घातलेल्या मानेकडे पाहताना, पहिल्यांदा आला. आणि तिला तो आवडला. तिने कागदाची होती त्याच घडीवर घडी घातली आणि परत दिला.

"सही करणार नाही. शेगडीही ठेवणार नाही."

अनंतच्या चेहऱ्यावर सुटका आणि संशय एकदमच आले. "मग?"

"घरात चूल एकच पाहिजे ना तुम्हाला? एकच राहील."

तिने कढई उतरवली, सिलेंडरची चावी बंद केली, रेग्युलेटर काढला, नळी गुंडाळली. सगळे पलंगाखाली सरकवले. फडक्याची चारी टोके धरून नखुल्या उचलल्या, कढईवर झाकण ठेवले आणि पितळी पातेले काखेत घेऊन ती जिना उतरू लागली. अनंत मागून "ताई, ताई" करत होता. पण खाली गाडीचे दार वाजले, आणि त्याला तोंडावर हसू आणून पुढे पळावे लागले.

स्वयंपाकघरात कुसुम पुऱ्या लाटत होती. तीन बर्नरांवर वरण, वांग्याची भाजी आणि तेलाची कढई. वंदना आत आली, पातेल्यात नळाचे पाणी मोजून भरले, वरणाचे भांडे चिमट्याने उचलून बाजूला ठेवले आणि त्या आचेवर आपले पातेले चढवले.

कुसुमच्या हातातले लाटणे थांबले. "निघा," ती ओठ न हलवता म्हणाली. बाहेर बैठकीत चपला काढल्याचे, "या, या, बसा"चे आवाज होते. ओरडता येत नव्हते. "ताई, मी सांगते, निघा."

"चूल एक आहे. घर एक आहे. मी घरातली आहे."

"दुश्मनी काढता माझ्यावर?"

"हो," वंदना म्हणाली. तिने पाण्यात मीठ टाकले.

पाण्याला उकळी आली आणि नखुल्या आत पडल्या, तेवढ्यात दाराचा पडदा सरला. नऊवारीतली, काठी टेकणारी सरुबाई कोणालाही न विचारता आत आली होती. तिने ओटा पाहिला, कपाटे पाहिली, मग त्या दोघींना पाहिले.

"काय वो बाई, एका गॅसवर दोघी?"

"ह्या माझ्या नणंद," कुसुम म्हणाली. तिचा आवाज वाळलेल्या चिंचेसारखा होता.

"नणंद-भावजय एका चुलीवर! आमच्याकडं जावा-जावांचं नळावर पटत नाही." म्हातारी पातेल्यावर वाकली. "नखुल्या? खिरीच्या?"

"तिखटाच्या," वंदना म्हणाली. "लसणाच्या."

"हे नवीनच." तिने फडक्यावर उरलेली एक कच्ची नखुली उचलली, प्रकाशाकडे धरली, उलटी करून पाहिली. "बारीक हात आहे." मग ती समाधानाने मान हलवत बाहेर गेली, आणि बैठकीतून तिचा आवाज ऐकू आला, "घर चांगलं आहे रे, जुन्या वळणाचं."

दोघींपैकी कोणी हसले नाही. कुसुमने पुरी तेलात सोडली.

"रोज येणार?"

"रोज."

"अकराच्या आधी पाऊल ठेवायचं नाही."

"साडेदहा."

"मी म्हटलं ना, अकरा!"

वंदनाने घड्याळाकडे पाहिले. चार मिनिटे झाली होती. तिने नखुल्या निथळून कढईत टाकल्या, टोमॅटोत दोनदा उलटवल्या आणि वाटीत घेतल्या. बैठकीत तिचे पान मांडलेले नव्हते. ती ओट्याला टेकून उभ्यानेच जेवू लागली. शेजारी कुसुम पाठ फिरवून पुऱ्या लाटत होती, आणि लाटणे मागे आले की दर वेळी तिचे कोपर वंदनाच्या दंडावर आदळत होते. ओटा लांब होता, सरकायला जागा होती. दोघी आपापल्या जागी उभ्या राहिल्या.