पावसाची सवड

बांधकामाचं वेळापत्रक करणारा तारखांत थोडी चरबी, म्हणजे चार जादा दिवस, ठेवतो आणि साइटवरचा माणूस ती कापतो, हा या धंद्यातला जुना रिवाज. दोघांनाही ते ठाऊक असतं, आणि दोघंही साळसूद चेहऱ्याने बसतात. हर्षाली काही यात नवखी नव्हती. शहराबाहेरून जाणाऱ्या नव्या रस्त्याचं सगळं वेळापत्रक नाशिक रोडच्या ऑफिसात बसून तीच करायची. तरी चुकली. आपलं माणूस मध्ये आलं की भल्याभल्यांची अक्कल गहाण पडते.

झालं असं, की तो रस्ता तिच्या वडिलांच्या, गोटीरामनानांच्या मळ्यातून जात होता. जमीन रीतसर गेली होती, मोबदलाही मिळाला होता, त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. पण पोकलेन येईपर्यंत मळा नुसता पडून राहणार. म्हणून आषाढात नानांनी लेकीला फोन केला.

"हर्षे, दसऱ्याचा झेंडू लावू का? येवढा एकदाच. पुढं काय रानच राह्यचं नाय."

तिला कळायला लागल्यापासून दसऱ्याला गावातल्या दारादारावर नानांच्या मळ्यातलं तोरण असायचं. बाकीचा माल बाजारात जाई, पण गावाकडून नानांनी कधी पैसा घेतला नाही. त्या एका दिवशी हा अबोल माणूस गावभर ताठ मानेने हिंडायचा.

"लावा नाना," ती म्हणाली. "दसरा होईपर्यंत तिकडे कोणी फिरकत नाही. वेळापत्रक माझ्याच हातात आहे."

आता खरं म्हणजे तिने सरळ शेखर सरांना सांगायचं. सर साइटचे प्रमुख, तोंडाने फटकळ, पण मनाने वाईट नव्हते. 'सर, तिथे माझ्या वडिलांचं शेवटचं पीक उभं आहे,' एवढं एक वाक्य. पण बाई घरच्यांसाठी काम अडवते, अशी ऑफिसात कुजबुज होईल, या धास्तीने ते वाक्य तिने गिळलं. मळ्याच्या पट्ट्याचं काम गुपचूप दसऱ्यापलीकडे ढकललं आणि कारण लिहिलं, पाऊस. नाशकात पावसाचं कारण दिलं की कोणी उलट विचारत नाही.

यंदा पावसानेच लवकर गाशा गुंडाळला. भाद्रपदातच आभाळ लख्ख झालं आणि ऑफिसात सगळे खुशीत आले. हर्षालीच्या मनात पाल चुकचुकली. पण तारीख बदलायची तर आपल्याला विचारतीलच, या भरवशावर ती गप्प बसली. कोण विचारतंय? पाऊस नाही म्हटल्यावर पावसासाठी ठेवलेली सवड म्हणजे चरबीच. शेखर सरांनी ती कापली आणि पोकलेन पुढे धाडला.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सकाळी ती इंदिरानगरच्या घरून निघतच होती, तेवढ्यात आईचा फोन आला.

"हर्षे, पोकलेन आलाय गं मळ्यात," कुसाबाई म्हणाली. "तुझ्या नानांनी त्या डायवरला चहा दिला. म्हणले, पोरगीच हाय आमची हापिसात, काय तरी गल्लत झाली आसंल, तिला इचार. तो म्हणतो, मला साहेबांनी सांगितलं."

तिने सरांना फोन लावला आणि गिळलेलं वाक्य एकदाचं बोलली.

"अगं, मग सांगायचं नाही का?" सर म्हणाले. "वडिलांचं पीक म्हटल्यावर मी थांबलो नसतो का? पट्टे काय, दुसरे ढीग आहेत. थांब, ड्रायव्हरला सांगतो."

त्या मशीनच्या घरघरीत ड्रायव्हरला फोन ऐकू आला नाही. हर्षाली स्कूटर दामटत पोचली, तेव्हा मळा उलटापालटा होऊन पडला होता. नुकत्याच रंग धरू लागलेल्या कळ्या मातीखाली गेल्या होत्या. पोकलेन शेजारच्या पट्ट्याकडे निघाला होता. नाना बांधावर बसले होते.

ती त्यांच्याजवळ जाऊन बसली. रडू फुटत होतं, पण त्यांच्यासमोर रडायचाही तिला हक्क वाटेना. नाना तिच्यावर चिडले असते तर बरं झालं असतं.

"त्यांना सांगितलं व्हतं का तू," नानांनी विचारलं, "की ह्यो मळा आपला हाय म्हून?"

"नाही, नाना."

नानांनी नांगरल्यासारख्या त्या मातीतली एक कळी उचलून झटकली. मग त्यांनी हळूच, अगदी तिला लागू नये अशा बेताने विचारलं, "आमची लाज वाटली व्हय गं?"

नाही म्हणायला तिने तोंड उघडलं. पण मग सांगितलं का नाही, हे नानांना पटेल असं काही तिला सापडेना. आणि ती गप्प आहे हे पाहून नानांनी, उत्तर मिळाल्यासारखी, मान हलवली.