'तातडीचे'

मी शिक्का बोलतोय, तोही कचऱ्याच्या टोपलीतून. 'तातडीचे' एवढा एकच शब्द मला येतो आणि आता त्याचीच मला शिसारी आली आहे.

कायदे करणाऱ्या सभागृहाच्या ग्रंथालयात मी कामाला होतो. सभासदांनी काही विचारलं की आमच्या ग्रंथपालबाई जुने अहवाल, कायदे धुंडाळून टिपण लिहायच्या आणि लिफाफ्यात घालून पाठवायच्या. खरीच घाई असेल तर माझी पाळी यायची, महिन्यातून एखाददा. तेव्हा काय रुबाब होता माझा! लाल शाई दिसली की माणसं उभ्याउभ्या लिफाफा फोडायची.

मग एका सभासदाला राग आला. शेजारच्याच्या लिफाफ्यावर शिक्का आणि माझाच कोरा का? झालं, सगळ्यांनाच शिक्का हवा. भाच्याच्या वक्तृत्व स्पर्धेचं भाषण, तातडीचे. व्याह्यांच्या साठीला म्हणायच्या चार ओळी, तातडीचे. शी! दिवसभर तेच ओकायचं. माझं रबर झिजलं, पण यांना लाज नाही.

अशात धरणाखाली वसाहत बांधू देणारा कायदा आला. नव्यानेच निवडून आलेल्या एका सभासदाने विचारलं, तिथे काही धोका आहे का? बाईंनी दोन दिवस तळघरातल्या फायली उपसल्या. एका अभियंत्याचा जुना अहवाल निघाला: भिंत आतून झिरपते, खाली माणसं वसवू नका. बाईंनी मला इतक्या जोरात दाबलं की लिफाफा फाटायचाच बाकी होता.

या नव्या सभासदसाहेबांच्या खणात आधीच अकरा 'तातडीचे' पडलेले. सहायकाने बारावा त्यांच्यावर टाकला आणि जांभई दिली. कायदा दहा मिनिटांत मंजूर. साहेबांनीही हात वर केला.

आठवड्याने ते धावत आले, फोडलेला लिफाफा हातात.

"बाई, हे मला आधी का नाही दिलंत?"

बाईंनी लिफाफा उलटा करून माझा ठसा दाखवला. खाली बाईंच्या हातची तारीख होती, मतदानाच्या आदल्या दिवसाची.

साहेब मटकन खुर्चीत बसले. तिकडे पाया खणायला घेतलाय, म्हणाले. बाई म्हणाल्या, दुरुस्ती मांडा, मी आत्ता टिपण करून देते. साहेबांनी घाम पुसला.

"त्यावर तेवढा तातडीचा शिक्का मारा हं."

बाईंनी मला उचललं आणि टोपलीत भिरकावलं.

"तुम्ही इथेच बसा. मी लिहिते, तुम्ही वाचा."

ते वाचताहेत अजून, एकेका ओळीवर बोट ठेवून. झाडायला मावशी येतील तेव्हा त्यांनी मला चांगली वस्तू म्हणून परत टेबलावर ठेवू नये, एवढीच माझी विनवणी आहे.