बेलाच्या सरबताचा गंज

मी पितळेचा एक जुना गंज आहे. मित्रांनो, गंज म्हटलं की तुम्हाला लोखंडावर चढणारा तांबूस थर आठवत असेल. तो मी नव्हे! आमच्या चंद्रपूरकडे रुंद तोंडाच्या, खोल पोटाच्या पातेल्याला गंज म्हणतात. माझं पोट तर इतकं खोल आहे की एखादं रांगतं मूल आत बसवलं, तर त्याचं फक्त जावळ बाहेर दिसेल.

भंडाऱ्याच्या एका कासारानं मला घडवलं. त्याच्या हातोडीच्या खुणा अजून माझ्या अंगावर आहेत. अंजनाबाईच्या लग्नात तिच्या वडिलांनी मला आंदण म्हणून दिलं आणि बैलबंडीत बसून मी तिच्यासोबत सासरी आलो. गोंडपिपरीपासून थोड्या अंतरावरचं ते गाव. एका बाजूला शेतकऱ्यांची घरं, दुसऱ्या बाजूला आमचा बौद्धांचा मोहल्ला आणि मध्ये चौक. अंजनाबाईचे सासरे छप्पन्न साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. तेव्हापासून घरात बुद्धाची तसबीर होती आणि मान ताठ ठेवायची सवयही होती.

मी खूप काम केलं. मोहल्ल्यात लग्न असो, बारसं असो, डाळ माझ्यातच शिजायची. लोक म्हणत, "अंजनाबाईच्या गंजातल्या डाळीची चवच न्यारी." ते ऐकून मी चुलीवर आणखी जोरात खदखदायचो. पण माझं कौतुक चौकापर्यंतच होतं. चौकापलीकडचं कोणी माझ्यातलं खात नसे.

अंजनाबाईला एक सवय होती. मला घासताना ती मनातलं सगळं बोलायची. त्यामुळेच मला तिच्या आयुष्याची माहिती झाली. ती भैयाजींच्या धानाच्या बांधीत रोपं रोवायला, म्हणजे रोवणीला जायची. भैयाजी म्हणजे गावातले मोठे शेतकरी. काम करून घसा सुकला की त्यांच्या विहिरीवर ती ओंजळ धरायची आणि कोणीतरी वरून पाणी ओतायचं. अर्धं पाणी कोपरावरून खाली गळायचं. ते सांगताना तिचा हात माझ्या अंगावर जरा जास्तच जोरानं फिरायचा.

चौऱ्याऐंशी सालचा उन्हाळा आला. बुद्धपौर्णिमेला मोहल्ल्यात दरवर्षी खीर वाटत. त्या वर्षी अंजनाबाईनं वेगळंच काढलं.

"औंदा खीर नाई," ती नवऱ्याला म्हणाली. "बेलाचं सरबत करू. बरफ टाकून. अन् मोहल्ल्यात नाई, चौकात वाटू. जो येईन त्याले."

लटारूभाऊ दचकले. "चौकात? अवं, तिकडचे लोक आपल्या हातचं पेतेत का? सारं तसंच राहीन. हसू होईन आपलं."

"राह्यलं तं आपण पिऊ. पण मांडू चौकातच. रस्ता साऱ्यायचा हाय."

"अन् भैयाजीनं रोवणीले बोलावलंच नाई तं?"

अंजनाबाईचा हात माझ्या काठावर थांबला. भीती तिलाही होती, ती तिच्या बोटांतून मला कळली. मग ती म्हणाली, "तं दुसऱ्या गावी जाऊ रोवाले. हात काई भैयाजीनं देल्ले नाई."

सरबतात लिंबू पडणार होतं आणि माझी कल्हई उडालेली होती. उघड्या पितळेत आंबट कळकतं, पोटाला बाधतं. म्हणून अंजनाबाई मला डोक्यावर घेऊन गोंडपिपरीच्या बाजारात लच्छू कल्हईवाल्याकडे गेली. त्यानं भाता फुंकला, मला निखाऱ्यांवर तापवलं, नवसागर टाकला, कथलाची कांडी फिरवली आणि कापसाच्या बोळ्यानं आतून पुसत नेलं. धुरानं मला काही दिसेना. धूर सरला आणि अंजनाबाई आत वाकली, तर तिला माझ्या पोटात स्वतःचा चेहरा दिसला. ती हसली.

बेल आणायला ती ठमाबाईसोबत जंगलात गेली. ठमाबाई चौकापलीकडच्या शेतकरी घरातली, पण मोहफुलं वेचायला दोघी वर्षानुवर्षं सोबत जायच्या. जंगलात ठमाबाई अंजनाबाईच्या तुंब्याला तोंड लावून पाणी प्यायची. गावाची वेस आली की मात्र दोन पावलं लांबून चालायची. अंजनाबाई त्याबद्दल तिला कधी काही बोलली नाही, पण त्या दिवशी बेलांची टोपली उतरवल्यावर मला म्हणाली, "जंगलात माय, अन् गावात कोणी नाई."

पौर्णिमेच्या सकाळी आमच्या अंगणात बायांची गर्दी झाली. दगडावर आपटून बेल फोडले तेव्हा त्यांचा वास शेजारच्या गल्लीपर्यंत गेला. पिवळाजर्द गर माझ्यात पडला, रांजणातलं पाणी पडलं. गर भिजल्यावर अंजनाबाईनं बाह्या सारून तो हातानं कुस्करला. "हळू वं," ती बायांना सांगत होती. "बी फुटली तं कडू होईन." मग धुतलेल्या लुगड्याच्या तुकड्यातून सगळं गाळलं. त्यात गूळ, लिंबू, वेलची आणि चिमूटभर मीठ. चव घेऊन तिनं डोळे मिटले. आता फक्त बर्फ हवा होता.

बर्फ आणणार होता अंजनाबाईचा भाऊ खुशाल. तो बल्लारशाला लाकडाच्या डेपोत कामाला होता. तिथल्या कारखान्यातून बर्फ घेऊन तो सकाळच्या एस.टी.नं येणार होता. एस.टी. आलीच नाही. ऊन चढलं. मिरवणूक निघाली, पंचरंगी झेंडे चौकाकडे वळले, आणि माझ्या पोटातलं सरबत कोमट व्हायला लागलं.

"आता कसं करतं?" लटारूभाऊंनी विचारलं.

"उचला गंज," अंजनाबाई म्हणाली.

चार जणांनी मला दांड्याला टांगून चौकात आणलं आणि कडुलिंबाखाली ठेवलं. एवढ्यात रस्त्यावरून खुशाल धावत आला. डोक्यावर गोणपाटाचं ओझं, कपाळाला लाकडाचा भुसा, मानेवरून थंड पाण्याचे ओघळ.

"एस.टी.चं चाक फुटलं, बाई! तिथूनच पायी निघालो. साऱ्या जिल्ह्यात आज मीच एकटा थंडीनं कुडकुडून राह्यलो!"

सगळे हसले. बर्फ अर्धा विरघळला होता, पण उरलेलाही कमी नव्हता. भुसा धुऊन, गोणपाटात गुंडाळून मुसळानं तो फोडला आणि माझ्यात सोडला. मित्रांनो, जन्मभर मी चुलीवर बसलेला! गारवा कसा असतो ते मला त्या दिवशी कळलं. माझं सगळं अंग शहारलं. बाहेरून पाण्याचे थेंब फुटले आणि माझ्या पितळेवरून ओघळू लागले.

मोहल्ल्यातले लोक पोटभर प्यायले. पण पलीकडची माणसं पोचूच्या पानठेल्याच्या सावलीत उभी राहून नुसती बघत होती. कोणी पुढे येईना. बर्फ किणकिणत होता आणि वितळत होता.

मग भैयाजी आले. शेतावरून चालत आले होते, दुपट्टा डोक्यावर, ओठ कोरडे. माझ्याजवळ येऊन थांबले, माझ्या अंगावरचे थेंब बघितले. मग वाकले आणि त्यांनी ओंजळ धरली.

"वाढ वं अंजना. घसा सुकला."

आमच्या पेल्याला त्यांना हात लावायचा नव्हता. अंजनाबाईच्या हातातलं वाढायचं वगराळं माझ्या काठाला लागून हलकंसं वाजलं.

"भैयाजी, गलास घ्या," ती म्हणाली.

"वरून वाढ ना. काऊन अडवून राह्यली?"

"अडवत नाई. पायजे तेवढं घ्या. पण इथी कोणालेच ओंजळीत वाढत नाई. तुमच्या विहिरीवर मी लय वर्सं ओंजळ धरली. कसं वाटते ते मले माहीत हाय. तसं मी कोणालेच पाजणार नाई."

ती ओरडली नाही. तिनं पेला भरून समोर धरला. भैयाजी सरळ झाले. कोरडे हात त्यांनी धोतराला पुसले आणि ते सावलीत परत गेले. लटारूभाऊंनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, संपलं. रोवणी गेली, काम गेलं, आणि मी भरलेला घरी जाणार.

तेवढ्यात पानठेल्यामागून ठमाबाई निघाली. सगळ्यांच्या देखत, भर उन्हात, ती चौक ओलांडून आली.

"दे वं माय, मले गलास दे."

दिराची हाक आली, "वहिनी!" तिनं मागे बघितलं नाही. पेल्याला तोंड लावून ती गटागटा प्यायली. ओठ पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "जंगलात मी इच्याच तुंब्यातलं पेते. आजवर मले काई झालं नाई. इथी काऊन लाजू? आणखी दे, अंजना!"

अंजनाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण पेला भरताना एक थेंब सांडला नाही.

पोचू पानठेला सोडून आला. त्याच्यामागून दोन गडी आले. मग एका म्हातारीनं हाक मारली, "मले बी ठेवजा रे!" आणि पाहता पाहता रांग लागली. पेले पुरेनात. बाया धुऊन देत होत्या, लटारूभाऊ भरत होते, खुशाल बर्फाचे तुकडे मोजक्या हातानं टाकत होता. "गार हाय बाप्पा!" "काय गोड हाय!" असे आवाज चौकभर उठले. लुगड्यातून गाळलेलं ते घरचं सरबत साऱ्या गावाच्या घशातून उतरत होतं.

रांगेच्या शेवटी भैयाजी उभे होते. या वेळी त्यांनी हात पुढे केला तो पेल्यासाठी. प्यायले. तळाचा बर्फ तोंडात घोळवला.

"अर्धा अजून दे," ते म्हणाले.

अंजनाबाईनं काठोकाठ भरून दिला.

लटारूभाऊंनी मला उलटा करून सगळ्यांना दाखवलं. आत थेंब नव्हता, नुसती कल्हई चमकत होती. मोहल्ल्यातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मित्रांनो, कुठल्या राजाच्या मुकुटालाही त्या दिवशी माझ्याएवढा मान मिळाला नसेल!

एका दिवसात गाव बदललं, असं मी म्हणणार नाही. काही घरांतून पुढेही कोणी आलं नाही. पण त्या पावसाळ्यात भैयाजींच्या बांधीत रोवणीला अंजनाबाईच पुढे होती, आणि त्यांच्या विहिरीवर सगळ्यांसाठी पेले ठेवलेले होते. पुढच्या उन्हाळ्यात भैयाजींची बायको नीलाबाई आमच्या घरी आली, खाटेवर बसली आणि म्हणाली, "माह्या हातचं सरबत कडू होते. तू कशी करतं ते दाखव." तीही कोपरापर्यंत माझ्यात हात घालून बेल कुस्करायला शिकली.

मग स्टीलची भांडी आली. ती हलकी, चकचकीत, त्यांना कल्हई लागत नाही. मी खाटेखाली गेलो. दोन वर्षं माझ्यात कांदे होते. अंगावर हिरवट डाग पडले, जाळी धरली. लच्छूनंही भाता गुंडाळून ठेवला. मी रडलो नाही, पितळेला रडता येत नाही. पण आतून काळवंडलो.

मित्रांनो, तुमच्या घरी असं एखादं जुनं भांडं असेल तर त्याला अडगळ म्हणू नका. आणि घासूनपुसून नुसतं शोभेला फळीवरही मांडू नका. चिंचेनं घासा, कल्हई करा आणि त्यात चार माणसांना पुरेल असं काहीतरी करा. भांड्याचं आयुष्य त्याच्या धातूत नसतं, त्यातून वाढलेल्या घासा-घोटांत असतं.

काल अंजनाबाईनं मला बाहेर ओढलं. कांदे टोपलीत ओतले, लच्छूला घरून बोलावून आणलं, त्याचा भाता पुन्हा फुंकायला लावला. आज मी आतून लख्ख आहे. अंगणात बेलांची रास पडली आहे, आणि दारात उभी राहून अंजनाबाई चौकापलीकडे हाक मारते आहे, "ठमाबाई! नीलाबाई! या वो बेल फोडाले, गंज काढला!"