दोन मिलिमीटर डावीकडे

"हे तिसरं भोक सरळ कोणी केलं?"

मंडळाकडून आलेल्या गिअरबॉक्सच्या झाकणाच्या ड्रॉइंगवर काकूंनी बोट दाबून धरलं होतं. मालक माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे.

जगातल्या सगळ्यात वेगवान मोटारशर्यतीत उतरणाऱ्या दहा संघांपैकी सर्वांत लहान संघात मी नियम वाचायचा पगार घेतो. नियमांची पानं साडेतीनशे आणि डोकं एकच, त्यामुळे कुठे काही बिनसलं की सगळे माझ्याकडे बघतात. काकू आमच्या गिअरबॉक्स विभागाच्या प्रमुख. त्या नेमक्या कोणाच्या काकू, हे कोणालाच ठाऊक नाही. मालक त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठे, तेही काकूच म्हणतात.

त्या ड्रॉइंगसोबत शर्यत मंडळाचा नवा प्रस्ताव आला होता. दहाही संघांनी एकच गिअरबॉक्स वापरायचा आणि प्रक्षेपणाचं उत्पन्न सगळ्यांनी सारखं वाटून घ्यायचं. आजवर बडे संघ साय खायचे आणि आम्ही भांडं खरवडायचो. प्रस्ताव बारगळला तर दोन वर्षांत आमचा गाशा गुंडाळणार, हे उघड होतं. त्यात मंडळाने दहाजणांसाठी निवडलेला गिअरबॉक्स आमचा, म्हणजे काकूंचाच होता! फक्त तो बनवणार होता बाहेरचा कारखाना. काकूंच्या विभागाला टाळं.

"दहाही संघांचा होकार लागतो," मालक म्हणाले. "काकू, तुम्ही नको म्हणा, मी उद्या हात वर करत नाही."

"माझं मागाहून. आधी हे भोक."

"अहो, मंडळाच्या लोकांनी चूक सुधारली असेल," मी म्हणालो. "दोन मिलिमीटर सरकलेलं होतं ना ते?"

"चूकच होती. माझीच. बावीस वर्षांपूर्वी झाकण आणि पेटी एकत्र धरून भोकं पाडताना ड्रिल घसरलं माझ्या हातून. फोरमनने असलं झापलंय मला! पण दुसऱ्याच दिवशी एकाने घाईत झाकण उलटं लावलं, तर बसेचना. त्याच्या आदल्या वर्षी असंच उलटं झाकण बसलं होतं. तेलाची वाट बंद झाली, भर वेगात गिअरबॉक्स जाम झाला आणि आपल्या ड्रायव्हरचा पाय गेला. म्हणून ते भोक मी तसंच ठेवलं. तेव्हापासून मुद्दाम पाडते."

मालक खुर्चीत बसले. त्या ड्रायव्हरला भेटायला ते अजून जातात.

"म्हणजे कागदावर हे कारण कुठेच नाही?" मी विचारलं.

"कागदावर कशाला? हाताला माहीत होतं की!"

मग त्यांनी माझ्यापुढे पेन सरकवलं. "लिही. सहा भोकांपैकी तिसरं, दोन मिलिमीटर डावीकडे. कारणासकट लिही, नाहीतर पुन्हा कोणी शहाणा सरळ करील. एवढं नियमात घालत असतील तर माझा होकार आहे."

"आणि तुमचा विभाग?" मालकांनी विचारलं.

"नव्वद घरं चालतात इथे. माझ्या चार लेथसाठी ती बुडवू? काहीतरीच तुमचं." एवढं म्हणून त्या खिडकीकडे वळल्या, आणि आम्ही दोघं उगाच कागद चाळत बसलो.

मंडळाने ते वाक्य घेतलं. साडेतीनशे पानांत कारण लिहिलेला तो एकच नियम आहे. माझं त्यात फक्त अक्षर, पण सांगताना माझीच छाती फुगते.

नव्या मोसमाची पहिली शर्यत बघायला काकू मालकांच्या पाहुण्या म्हणून आल्या. इस्त्रीची साडी, गळ्यात पास. हात रिकामे, त्यामुळे ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना. सकाळी गाड्यांची तपासणी चालू होती. आम्ही एकेक गॅरेज बघत चाललो होतो. सर्वांत श्रीमंत संघाच्या दारात काकू थांबल्या.

आत एक मेकॅनिक तेल बघून झाकण परत बसवत होता. घाईत होता. झाकण बसेना. त्याने जोर लावला, तरी बसेना.

"कुठल्या गाढवाने पाडलंय हे भोक!" तो करवादला. मग त्याने झाकण फिरवून लावलं. ते अलगद बसलं.

मी तोंड उघडणार, तोच काकूंनी माझा दंड धरला.

"चल," त्या म्हणाल्या. "अजून सात बघायचीत."